आक्षेपाचे उपकार

गायक, कवी आणि नट यांच्या चरित्रांत प्रतिकूल परिस्थितीचे एक प्रकरण ठरलेले असते. आणि ते वाचताना माझ्या मनाला नेहमी एकच गोष्ट लागून राहते की, ज्या मंडळींनी ती परिस्थिती प्रतिकूल करण्याचे श्रम घेतले, त्यांचा त्या ग्रंथात कोठेही आभारपूर्वक उल्लेख नसतो. आश्रयदात्याचे छायाचित्र पहिल्या पानावर, गुरूचे दुसऱ्या पानावर, आणि ज्या इसमाने कलावंताच्या अर्जावर ‘सबब मंजूर करता येत नाही’ असा शेरा मारून त्याला घराबाहेर, गावाबाहेर आणि अखेरीस कीर्तीच्या शिखरावर हाकलून दिले, त्याचे नाव मात्र परिशिष्टातदेखील नाही! या विषयी मी थोडा हळवा आहे, हे कबूल केले पाहिजे. साताऱ्यातील एका सरकारी कचेरीत बिलांवर आक्षेप काढण्यात माझी उमर गेली. माझ्या हातून किती प्रतिभावंत घडले असतील याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही, आणि निवृत्तीच्या दिवशी मिळालेल्या नारळावर व शालीवर मला समाधान मानावे लागले.

माझ्या पक्षाच्या पुष्टीसाठी मी जो पहिला दाखला देतो, तो सांगलीचा आहे. सन १८४२ च्या सुमारास उत्तर कानड्यातील कर्की गावची भागवत मंडळी सांगलीस आली आणि त्यांनी श्रीमंत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्यापुढे आपले खेळ केले. आप्पासाहेब म्हणजे मिरजेच्या काकांशी वाटणी करून, आपला वेगळा हिस्सा घेऊन सांगलीस गादी स्थापन करणारे पुरुष. सबब जे दुसऱ्याकडे आहे, ते आपल्याकडे त्याहून सुबक स्वरूपात असले पाहिजे, ही बुद्धी त्यांच्या ठिकाणी स्वभावतःच होती. भागवतांचे ते तागडथोम त्यांना आवडले आणि नावडलेही. आणि अशा संमिश्र मनःस्थितीत राजे लोक जे करतात तेच त्यांनी केले, म्हणजे आपल्या पदरच्या एका तरुणास बोलावून ‘असे, पण याहून चांगले, मराठीत कर’ अशा आशयाचा हुकूम दिला. तो तरुण म्हणजे विष्णु अमृत भावे, अर्थात आपले विष्णुदास. वय विशीच्या मध्यावर. शाळेत म्हणण्यासारखा प्रकाश पाडलेला नाही. हातात मात्र कला अशी की, लाकडाच्या बाहुल्या करून नाचवाव्या तर त्याने. आजच्या पालकांनी अशा मुलास तीन निरनिराळ्या समुपदेशकांकडे नेले असते. आप्पासाहेबांनी त्याच्याकडे मराठी रंगभूमी सोपविली.

आता ही नाटके कशी असत, हे ज्याला ठाऊक नाही, त्याला विष्णुदासांच्या अंगावर पडलेल्या कामाचे वजन कळणार नाही. त्या खेळात लिहिलेले असे काही असे ते केवळ पद. सूत्रधार आणि त्याचे साथीदार झांजा व मृदंग घेऊन बाजूस उभे राहत आणि गणपतीचे आगमन, मोरावर बसून येणारी सरस्वती, रामाचे दुःख, रावणाचा क्रोध, सारे काही गाऊन सांगत. पात्रे तेवढा वेळ हातवारे करीत, आणि पद संपले की सुचेल ते गद्य आपापल्या मगदुराप्रमाणे बोलत. राक्षस आले की त्यांना फारसे बोलण्याचीही जरुरी नसे. तोंडाला रंग फासून, हातात तलवार परजीत ‘अललडुर्र’ अशी आरोळी ठोकली की पुढच्या रांगेतील पोरे मागच्या रांगेत जात आणि तेथेच नटाच्या कौशल्याची पावती मिळे. म्हणजे कथा पुराणाची, गद्य ज्याचे त्याचे, आरोळी राक्षसाची. राहता राहिले गाणे, आणि ते मात्र सर्वस्वी या पोराचे. पदे रचावयाची, त्यांस चाली लावावयाच्या, ज्यांनी जन्मात मृदंग ऐकला तो फक्त कीर्तनात, अशा ब्राह्मणांच्या पोरांकडून ती घोटून घ्यावयाची, आणि त्यातल्याच एखाद्या मिसरूड न फुटलेल्याला लुगडे नेसवून सीता म्हणून उभी करावयाची. हल्ली ज्याला मोठ्या कौतुकाने ‘स्वतः लिहितो, स्वतः चाल लावतो, स्वतः गातो’ असे म्हणतात, तो प्रकार सांगलीस पावणेदोनशे वर्षांपूर्वी सरकारी हुकमाने सुरू झाला होता. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी राजवाड्यात ‘सीतास्वयंवरा’चा प्रयोग झाला, तो दिवस आपण अद्याप मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतो, आणि सांगलीत त्या दिवशी विष्णुदासांच्या नावाचे गौरवपदक एखाद्या थोर रंगकर्मीस देण्यात येते.

प्रयोग झाला, राजेसाहेब प्रसन्न झाले, आणि आता यशाचा मार्ग मोकळा झाला असे वाटत असतानाच पंगतीचा प्रश्न उपस्थित झाला. गावच्या ब्रह्मवृंदाचे म्हणणे असे पडले की, तोंडाला रंग लावून सोंगे आणणाऱ्यांना पंक्तीस घेता येणार नाही. त्या काळचा समाज किती सुसंघटित होता, याची कल्पना आजच्या माणसाला येणे कठीण आहे. आज एखाद्या गायकाचे गाणे आवडले नाही तर माणसे त्याच्याविषयी चार वाईट शब्द लिहितात आणि जेवावयास बसतात. त्या काळी ती स्वतः जेवावयास बसत आणि गायकाला उठवीत. टीकेच्या या दोन पद्धतींपैकी अधिक परिणामकारक कोणती, हे सांगण्यास समीक्षक होण्याची आवश्यकता नाही. कला ही आत्म्याची भूक असेल. परंतु ज्याच्या पानावर वाढलेला भात वाढप्याने परत उचलून नेला, त्या एकवीस वर्षांच्या लक्ष्मणाला ते समजावून सांगण्याचे काम विष्णुदासांनी कसे केले असेल, याचा विचार करताना माझ्या मनात त्यांच्याविषयी खरोखर आदर उत्पन्न होतो. अखेर आप्पासाहेबांनी आपला अधिकार खर्ची घातला आणि बहिष्कार उठला. राजाचा हुकूम ब्रह्मवृंदाला लागू पडला, याचे कारण माझ्या मते शास्त्रात नसून, पुढची पंगत कोणाच्या कोठीघरातून होणार होती या व्यवहारात आहे.

यानंतरची सात-आठ वर्षे सुखाची गेली. आणि सुखाच्या वर्षांविषयी लिहिण्यासारखे फार नसते. दरबारापुढे खेळ होत, नवी आख्याने रचली जात, इनामाची व नेमणुकीची आश्वासने मिळत. पुढे स्वतः विष्णुदासांनी १८८५ साली आपला ‘नाट्यकवितासंग्रह’ छापला, त्याच्या प्रस्तावनेत ही हकिकत आली आहे. आता, जन्मभर दप्तरात वावरलेला मनुष्य ‘आश्वासन’ हा शब्द वाचताच पान उलटून सनद शोधतो. येथे सनद नव्हती. सन १८५१ मध्ये आप्पासाहेब निवर्तले, गादीवर अल्पवयी वारस आला, कारभार कारभाऱ्यांच्या हाती गेला. आणि विष्णुदासांची मंडळी आपल्या बेगडी मुकुटांसह दप्तरासमोर येऊन उभी राहिली.

या प्रसंगाचे वर्णन करताना नाट्येतिहासकारांची लेखणी कारभाऱ्यांविषयी फार कठोर होते. मला ते अन्यायाचे वाटते. क्षणभर त्या कारभाऱ्याच्या गादीवर बसून पाहा. समोर खर्चाची यादी: मुकुट, गदा, राक्षसांचे मुखवटे, सरस्वतीचा मोर एक. मंजुरी कोणाची? कैलासवासी सरकारांची, तोंडी. साक्षीदार कोण? रावण. असा कागद कोणत्या सदरी घालावा? देवस्थान म्हणावे तर देव संध्याकाळी दाढी करून घरी जातात. फौज म्हणावी तर धनुष्य शिवाचे असूनही रोज मोडते आणि दुसऱ्या दिवशी नव्याचे बिल येते. मी त्या जागी असतो तर तेच केले असते जे त्या सद्गृहस्थाने केले. खर्च नामंजूर झाला, अंगावर कर्ज राहिले, आणि ते फेडण्यासाठी विष्णुदासांना गावोगाव जाऊन खेळ करण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

परिणाम काय झाला? पुणे झाले, मुंबई झाली. १८५३ साली ग्रँट रोडच्या नाटकगृहात, जेथे त्यापूर्वी साहेबांच्या मडमा पंख्याने वारा घेत बसत, तेथे सांगलीकर मंडळींनी तिकीट लावून मराठी नाटक केले. बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी त्याच वर्षीच्या एप्रिलात प्रथम धावली, म्हणजे सांगलीपासून मुंबईपर्यंतचे अंतर या मंडळींना बैलाच्या मर्जीने काटावे लागले. खंबाटकीचा चढ चढताना आणि बोरघाट उतरताना दहा तोंडांचा रावण पोत्यात घालून गाडीवर लादला असेल आणि सीतामाई गाडीमागून चालत असेल. आप्पासाहेब आणखी वीस वर्षे जगते आणि इनामाची सनद होती, तर विष्णुदास सांगलीस सुखाने पानसुपारी खात बसते, वर्षातून दोनदा राजवाड्यात स्वयंवर होते, आणि मराठी नाटक हे सांगलीच्या हळदीसारखे त्या गावचे एक विशेष म्हणून भूगोलाच्या पुस्तकात पडून राहते. ते महाराष्ट्राचे झाले ते त्या अनामिक कारभाऱ्याच्या एका शेऱ्यामुळे. सांगलीत विष्णुदासांच्या नावाचे नाट्यमंदिर आहे, हे योग्यच आहे. परंतु त्या मंदिरासमोर, डाव्या हातात दौत आणि उजव्या हातात नामंजूर यादी घेतलेला एक पगडीधारी पुतळा असावा, अशी सूचना मी दोन वेळा लेखी केली आहे. उत्तर आले नाही. यावरून कारभाऱ्यांची परंपरा अबाधित आहे असे दिसते.

विष्णुदासांनी पुढे दहाएक वर्षांनी नाटकधंदा सोडला आणि उतारवयात ते पुनः बाहुल्यांकडे वळले. त्यांच्या त्या लाकडी बाहुल्या शिल्लक राहिल्या आणि रामदास पाध्ये यांनी त्या दुरुस्त करून अलीकडच्या काळात पुनः बोलत्या केल्या. मनुष्यनटांचा अनुभव घेतलेल्या माणसाने बाहुल्यांकडे परतावे, यात मला वैराग्य दिसत नाही, हिशेब दिसतो: बाहुली पंक्तीस बसण्याचा हट्ट धरीत नाही, इनाम मागत नाही, आणि निराळी मंडळी काढण्याची धमकी देत नाही.

साताऱ्याच्या अभिमानी वाचकाला एव्हाना असे वाटू लागले असेल की, सांगलीचेच किती सांगणार. पण साताऱ्यात राजाश्रयाचा प्रश्नच १८४८ मध्ये निकालात निघाला होता. डलहौसीसाहेबाने दत्तक नामंजूर करून संपूर्ण गादीच खालसा केली. हा शेरा इतका मोठा होता की त्यातून कलावंत निर्माण होण्याऐवजी इतिहास निर्माण झाला. आक्षेपालाही प्रमाण लागते.

माझ्या सिद्धान्ताच्या विरुद्ध जाणारा एक मनुष्य मात्र याच मुलखात होऊन गेला, आणि प्रामाणिकपणे तो पुरावा मला रुजू केला पाहिजे. वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्ष या गावी १८६६ मध्ये श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी जन्मले. हा तालुका तेव्हा सातारा जिल्ह्यात होता. १९४९ साली दक्षिण सातारा म्हणून निराळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्याचे सांगली असे नामकरण झाले, त्यामुळे या एका माणसावर दोन जिल्ह्यांना हक्क सांगता येतो, आणि हयातीत त्यांच्यावर कोणीच सांगितला नाही. औंधच्या पंतप्रतिनिधींच्या आश्रयाने थोडे शिक्षण झाले, आईबाप गेले, आणि घरचे कुलकर्णी वतन पाहण्यासाठी हा तरुण गावी परतला. येथपर्यंत सर्व ठीक होते. कुलकर्ण्याचे दप्तर हे गावाच्या साऱ्या आक्षेपांचे माहेरघर. तेथे बसणाऱ्याला कोणी आक्षेपाने कलावंत करावे अशी सोयच नाही. पण या कुलकर्ण्याने उताऱ्यांच्या कागदांत लावण्या लिहिण्यास आरंभ केला, त्या गाण्यासाठी गावकुसाबाहेरच्या तमासगिरांत जाऊन बसू लागला, आणि गावाने डोळे वटारले तेव्हा वतन, दप्तर, सोवळे आणि जात ही सर्व एकाच फेकीत टाकून पठ्ठे बापूराव झाला. म्हणजे ज्याला आयुष्यभर दुसऱ्यांना नकार द्यावयाचा होता, त्याने तो स्वतःला दिला. विष्णुदासांना पंक्तीतून उठविले. हे आपण होऊन उठले.

पुढे संगमनेराकडच्या पवळा या तमाशातल्या नर्तकीशी त्यांची जोडी जमली आणि मुंबईच्या गिरणगावात त्यांच्या तमाशाला अशी गर्दी लोटू लागली की, ज्यांनी गावी तोंड फिरविले होते त्यांचेच पुतणे तिकिटासाठी धक्के खात. त्यांच्या नावावर दोन लाख लावण्या सांगतात. हा आकडा मी व्यवसायाच्या सवयीने तपासून पाहिला: रोज दहा लावण्या रचल्या तरी पन्नासावर वर्षे लागतात, आणि रविवारची सुट्टी धरता येत नाही. तेव्हा आकडा फुगविलेला असेल, आणि कवीने आपल्या मालाची मोजदाद करताना थोडे माप वाढवून धरले तर त्याची वसुली काढण्याचे कारण नाही. पण पवळा दुरावली, फड मोडला, पैसा आला तसा गेला, आणि १९४५ मध्ये पुण्यास विपन्नावस्थेत त्यांचा अंत झाला. पाचच वर्षांनी त्यांच्या नावाचा चित्रपट निघाला. येथे माझी थट्टेची लेखणी थोडी अडखळते. विष्णुदासांच्या वेळी नकार देणारा एक कारभारी दाखविता येतो. बापूरावांच्या वेळी त्यांच्या अखेरच्या दिवसांत कोणी नकार दिला असेही नाही, कारण विचारपूसच कोणी केली नाही. नकारात निदान कागद समोर घेऊन वाचण्याचा तरी सन्मान असतो.

त्याच वाळवे तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णाभाऊ साठे यांच्याविषयी एवढेच सांगतो की, दीड दिवसाची शाळा, वाटेगाव ते मुंबई पायी प्रवास आणि गिरणीतली मजुरी एवढ्या भांडवलावर त्यांनी १९४४ साली अमर शेख व गव्हाणकर यांच्यासह लालबावटा कलापथक उभे केले. आणि सरकारने बंदीचे हत्यार उपसले तेव्हा तमाशालाच ‘लोकनाट्य’ म्हणून नव्या अंगरख्यात उभे केले. बंदी घालणाऱ्या सचिवालयात त्या दिवशी कोणाला तरी वाटले असेल की आपण एक प्रकार बंद केला. दप्तरात तो बंद झालाही असेल; बाहेर त्याचे दोन झाले.

हे सर्व मी इतक्या विस्ताराने सांगतो याचे कारण माझा भाचा. तो स्वतः गाणी लिहितो, स्वतः चाली लावतो आणि स्वतः गातो. आणि त्याच्या मातुःश्री, म्हणजे आमच्या अक्का, स्वतःच रडतात. साताऱ्यास कॉलेज अर्धे टाकून तो सांगलीस एका खोलीत राहावयास गेला, कारण तेथे त्याची ‘बँड’ या नावाची चार मुलांची फौज होती. त्यापैकी तबला वाजविणाऱ्यास बँकेत नोकरी लागली, कीबोर्डवाल्याचे लग्न झाले, आणि तिसरा कोणते वाद्य वाजवितो हे ठरण्यापूर्वीच पुण्यास गेला. एका गणेशोत्सव मंडळाने याला गावयास बोलाविले आणि दुसऱ्या कडव्यात ध्वनिक्षेपक बंद पडला. ते गाणे याने तसेच पुरे केले, आणि मोबदला म्हणून हाती नारळ आला. नारळाशी आमच्या घराण्याचा काही ऋणानुबंध दिसतो.

त्यातच २०१९ चा ऑगस्ट आला. आयर्विन पुलाशी कृष्णामाईने धोक्याची पंचेचाळीस फुटांची पातळी ओलांडून सत्तावन्न फुटांपर्यंत मजल मारली, आणि भाचेबुवांनी सुरक्षित म्हणून कपाटावर ठेवलेली गिटार कपाटासह तरंगू लागली. पाणी ओसरल्यावर ती सापडली तेव्हा तिच्या पोटात बोटभर गाळ, भिजून लगदा झालेली गाण्यांची वही आणि एक जिवंत खेकडा, असा ऐवज होता. ती घेऊन आम्ही दोघे मिरजेस तंतुवाद्ये करणाऱ्या एका वृद्ध कारागिराकडे गेलो. दुकानात उलटे टांगलेले भोपळे वाळत होते, एक मुलगा तंबोऱ्याच्या घोडीवर दोरा सरकवून जवारी लावीत होता. वृद्धाने गिटार कानाशी धरून पाठीवर बोटाच्या पेराने टकटक केले, सुटलेल्या सांध्यातून नख फिरविले, आणि म्हणाला, “सरस सुटलाय, लाकूड शाबूत हाय. पण आवाज पयल्यागत येईल म्हनू नका. येईल त्यो तिचा.” भाच्याने विचारले, “किती दिवस?” वृद्ध म्हणाला, “तिला विचारून सांगतो.” भाच्याच्या डोळ्यांत पाणी आले, मी पावती मागितली.

गिटार दुरुस्त होऊन आली. आवाज खरोखर निराळा, किंचित जड येतो, आणि भाचा म्हणतो की हाच त्याला हवा होता; यावर माझा विश्वास नाही, पण तसे म्हणण्याची त्याची ती वेळ मला आवडली. मग त्याने गाणी ध्वनिमुद्रित करण्यासाठी माझ्याकडे पैसे मागितले. मी त्याला समोर बसवून विष्णुदासांपासून अण्णाभाऊंपर्यंतची ही सर्व हकिकत सांगितली, नकाराचे कलाक्षेत्रातील कार्य विशद केले, आणि रीतसर अर्ज करण्यास सांगितले. अर्ज आला. त्यावर मी असा शेरा मारला की, तीन ठिकाणची दरपत्रके जोडलेली नाहीत, खर्चाचे सदर नमूद नाही, अर्जदाराने मागील उचल, म्हणजे इयत्ता नववीत घेतलेल्या सायकलीची रक्कम, अद्याप भरलेली नाही. सबब अर्ज परत.

अक्का माझ्याशी आठ दिवस बोलल्या नाहीत. भाचा काहीच बोलला नाही. तो शेरा त्याने खिशात घातला, आणि पुढच्या महिन्यात सांगलीस एका छोट्या मैफलीत त्याच शेऱ्याला चाल लावून म्हटला. ‘सबब अर्ज परत’ हे ध्रुपद आहे. लोक ते त्याच्याबरोबर टाळ्या देऊन म्हणतात, गाणे मोबाईलवरून आमच्या शेजारच्या बंडापर्यंत पोहोचले आहे, आणि परवा भाजी मंडईत एका अनोळखी मुलाने माझ्याकडे पाहून ती ओळ गुणगुणली. एका स्टुडिओवाल्याने त्याला उधारीवर ध्वनिमुद्रण करून देण्याचे कबूल केले आहे, म्हणजे कर्जही झाले. त्या बाजूने काही उणे नाही. गाण्यात माझ्या शेऱ्याची तारीख यमकासाठी दोन दिवस अलीकडची घेतली आहे, तेवढी दुरुस्त करण्याविषयी मी त्याला लेखी कळविले आहे.